माळ्याचा सिनेमा आणि आबांचं बोलणं

आमच्या घरात एका जुन्या हिंदी सिनेमाला कुणी त्याच्या नावाने ओळखत नसे. तो नुसता 'माळ्याचा सिनेमा' होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दहावीत असताना धुळ्याजवळच्या त्यांच्या गावच्या जत्रेत तंबू टॉकीज आलं होतं. त्या तंबूत त्यांनी हा सिनेमा पाच दिवसांत पाच वेळा पाहिला. तंबू पुढच्या गावाला हलला तेव्हा सहावा खेळ बघायला ते सायकलने तिकडे गेले. घरी परतल्यावर आजोबांचा मार बसला, आणि मार खातानाही म्हणे ते त्यातलंच गाणं गुणगुणत होते. हे शेवटचं खरं की आबांनी जोडलेलं, मला माहीत नाही.

सिनेमाची गोष्ट अशी. एका छोट्या संस्थानाचा राजपुत्र असतो. त्याचं लग्न शेजारच्या राजकन्येशी ठरतं, पण मुलगी स्वभावाने कशी आहे ते त्याला आधी बघायचं असतं. म्हणून तो माळी बनून तिच्या बागेत शिरतो आणि आपल्या हुजऱ्याला राजपुत्राचे कपडे चढवतो. राजकन्याही तितकीच हट्टी. ती आपला शालू दासीला नेसवते आणि स्वतः दासी होऊन बागेत फिरते. माळ्याला वाटतं ही दासी, दासीला वाटतं हा माळी. तिकडे दरबारात हुजऱ्या आणि दासी एकमेकांना महाराज आणि राजकुमारी समजून घाबरत घाबरत मेजवान्या झोडतात. मध्ये सात गाणी. आबांना सातही तोंडपाठ होती.

पुढे ते बसमध्ये कंडक्टर झाले. धुळे-चाळीसगाव, धुळे-जळगाव अशा फेऱ्या मारताना, गाडी रिकामी असली की मागच्या बाकावर बसून ते ही गाणी म्हणत. आवाज भरदार होता. स्टँडवर गावांची नावं पुकारायला लागले की दुसऱ्या फलाटावरची माणसंसुद्धा आपली पिशवी उचलत.

हा आवाज एका सकाळी गेला. आबांना निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. धुळ्याच्या घरी आई आणि ते दोघंच. आईने चहा दिला आणि आबा तो बशीत ओतायच्या ऐवजी बशीशेजारी फरशीवर ओतायला लागले. "अहो, हे काय?" असं ती म्हणाली, तर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत दवाखाना गाठता आला. मी जळगावला शाळेत गणित शिकवते. फोन आला तेव्हा फळ्यावर अर्धं उदाहरण होतं. ते तसंच टाकून मी निघाले.

आबा वाचले. उजवा हात दुबळा झाला, पाय ओढत चालायचे, पण चालायचे. बोलणं मात्र गेलं. एकच शब्द उरला होता, आणि तोही कंडक्टरचा: "चला."

पाणी हवं असलं तरी "चला". उशी खुपत असली तरी "चला". मला दारात पाहून त्यांचे डोळे भरले, डावा हात त्यांनी पुढे केला आणि म्हणाले, "चला, चला, चला."

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मेंदूत बोलण्याची जागा असते, तिथे इजा झाली आहे. ऐकलेलं बहुतेक कळतं, मनात काय म्हणायचं तेही असतं, पण शब्द सापडत नाहीत. पहिले महिने महत्त्वाचे. आम्हाला हे कळलं, पण भेटायला येणाऱ्यांना कोण सांगणार? चाळीसगावचे एक नातेवाईक आले. पलंगाशेजारी बसून, आबांच्या देखत, त्यांनी मला विचारलं, "यांना काही कळतं का गं आता?" दुसरे एक जण आबांच्या कानाशी वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडले, "ओळखलं का मलाऽऽ?" आबांनी मान भिंतीकडे वळवली. जाताना ते ओरडणारे पाहुणे मला म्हणाले, "गेलं गं सगळं. आता सेवा करायची फक्त."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि परत येताना अंगणातच ठरवलं की आबा बोलतील. कसं, ते माहीत नव्हतं. पण 'गेलं सगळं' हे वाक्य मी घरात पुन्हा कुणाला म्हणू देणार नव्हते.

महिनाभराने दोघांना मी जळगावला माझ्याकडे आणलं. नवऱ्याने बाहेरची खोली रिकामी करून दिली. शहरात वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. केळं, कप, गाय, छत्री. मॅडम कार्ड धरायच्या आणि मृदू आवाजात विचारायच्या, "हे काय आहे?" आबा कार्डाकडे बघायचे, ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी निघायचं ते "चला". तिसऱ्या का चौथ्या वेळी त्यांनी केळ्याचं कार्ड हिसकावलं आणि भिरकावून दिलं. आईचं माहेर असोद्याचं, केळीच्या बागांमधलं. आबांनी जन्मभर केळी पाहिली, खाल्ली, बसच्या टपावरून उतरवली. आणि आता अंगणवाडीतल्या पोरासारखं ते केळं ओळखून दाखवायचं. रिक्षात बसल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, ते घरी पोचेपर्यंत उघडले नाहीत. त्या दिवसानंतर मॅडमकडे जायचं म्हटलं की ते पलंगाचा कठडा धरून बसायचे.

आई म्हणाली, "राहू दे बाई. कायले त्रास देते त्यायले?"

एका रविवारी दुपारी मी कपड्यांना इस्त्री करत होते. घरातली शांतता अंगावर यायला लागली होती, म्हणून टीव्हीवर काहीतरी लावावं म्हटलं, आणि आबांना बरं वाटेल म्हणून माळ्याचा सिनेमा शोधून लावला. चित्र खरखरीत होतं. आबा खुर्चीत बसले होते. राजपुत्र बागेत येतो, हातात झारी घेतो आणि पहिलं गाणं सुरू होतं. मी शर्टाची कॉलर दाबत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. मला वाटलं टीव्हीचाच. मग लक्षात आलं की टीव्हीतला आवाज एक आहे आणि खोलीत दोन आहेत.

आबा गात होते. शब्दांसकट. आवाज बसलेला होता, उजवीकडचा ओठ साथ देत नव्हता, पण धृपदाचे सगळे शब्द एकामागोमाग एक येत होते, आणि अंतराही. मी इस्त्री उभी करायलाही विसरले, शर्टावर तिचा तपकिरी डाग पडला. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच थांबली.

गाणं संपल्यावर मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "आबा! बोला, काहीतरी बोला. मला हाक मारा."

त्यांनी तोंड उघडलं. चेहऱ्यावर मोठी आशा होती. आणि निघालं, "चला."

मग ते रडले. दवाखान्यातही रडले नव्हते इतके रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मॅडमना एकटीच भेटले. त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "गाणं आणि बोलणं मेंदूत एकाच वाटेने येत नाही. गाणं येतंय म्हणजे बोलणं आलं असं समजू नका. पण त्या वाटेने बोलण्याकडे जाता येतं कधी कधी. करून बघायचं का? अवघड आहे. रोज करावं लागेल, आणि एकही दिवस चुकवायचा नाही."

"कशी करायची पद्धत?"

त्यांनी दाखवलं. समोरासमोर बसायचं. त्यांचा डावा हात हातात घ्यायचा आणि ताल धरून टेबलावर थोपटायचा. आधी नुसती चाल गुणगुणायची. मग रोजच्या गरजेचं दोन-तीन शब्दांचं वाक्य त्या चालीत बसवून दोघांनी म्हणायचं. मग आपण हळूहळू गप्प व्हायचं आणि त्यांना एकट्यांना म्हणू द्यायचं. शेवटी चाल काढून टाकायची आणि वाक्य ठेवायचं. "आणि एक," मॅडम म्हणाल्या, "लहानपणी घरात जी भाषा बोलायचे तीच घ्या."

म्हणजे अहिराणी. इथे माझी पंचाईत झाली. आबा त्यांच्या भावंडांशी अहिराणी बोलत, आई तिच्या असोद्याच्या बोलीत बोलत असे, आणि आम्हाला दोघांनीही शाळेच्या मराठीतच वाढवलं. मला अहिराणी कळते, पण माझ्या तोंडात ती परक्यासारखी वाटते. मी आत्याला फोन लावला आणि वहीत वाक्यं लिहून घेतली. 'माले पानी दे.' 'पाय दुखी ऱ्हायना', म्हणजे पाय दुखतोय. 'माले चा नको.' आत्या म्हणाली, "अजून कोन्तं सांगू?" मी जरा विचार केला आणि म्हटलं, "मला सगळं समजतं, हे कसं म्हणायचं?" ती म्हणाली, "माले बठ्ठं समजस."

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वेळापत्रक आखलं. सकाळी साडेसहा ते सात, शाळेतून आल्यावर साडेचार ते पाच. 'माले पानी दे' हे झारीच्या गाण्याच्या चालीत बसलं. दरबारातल्या मेजवानीच्या गाण्यात 'माले चा नको'. आबांना हे आधी हास्यास्पद वाटलं असणार. मी मोठ्या गंभीरपणे त्यांचा हात थोपटत "माऽऽले पाऽऽनी दे" म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाही हसू आलं. पण कार्ड भिरकावलं तसं त्यांनी हे भिरकावलं नाही. गाणं त्यांचं होतं.

पहिले तीन आठवडे काहीच हाती लागलं नाही. खरं म्हणजे एक वाईटच झालं. चाल सुरू केली की सिनेमातले मूळ शब्द उसळून यायचे. पाणी मागायचं असायचं आणि आबा राजपुत्राच्या ओळी म्हणायचे, आणि मग स्वतःच चिडून टेबलावर मूठ आपटायचे. आमची इमारत जुनी, भिंती पातळ. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "रोज सकाळी कुणाचा गाण्याचा क्लास आहे का?" त्यांनी सहज विचारलं होतं. आईला ते लागलं.

"लोक हसतात," ती मला म्हणाली. "ज्या माणसाने भरलेल्या गाडीत कधी आवाज चढवून भांडण केलं नाही, त्याचा तमाशा मांडलास तू."

"आई, हे थांबवलं तर ते जन्मभर 'चला'वर राहतील."

"राहू देत. मला कळतं त्यांच्या 'चला'मधलं."

"तुला कळतं. त्यांना दुसऱ्या कुणाशी बोलायचं असेल तर?"

ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी पुन्हा त्यांचा हात हातात घेतला. मला ताप होता तेव्हाही घेतला, शाळेत परीक्षा होत्या तेव्हाही. एकदा आबांनी हात काढून घेतला आणि तोंड फिरवलं. मी तिथेच बसून राहिले. दहा मिनिटं गेली असतील. मग त्यांनी आपणहून हात टेबलावर ठेवला.

चौथ्या आठवड्यात मला दोघांचं एक गाणं घ्यायचं होतं, बागेत माळी आणि दासी एकमेकांना चिडवतात ते. त्याची चाल बोलण्याच्या अगदी जवळची आहे. पण दासीच्या ओळी मला नीट येत नव्हत्या आणि माझा सूरही लागत नव्हता. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून दासीच्या ओळी म्हणत होती. बारीक, पण पक्क्या सुरात. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती आणि मी तिला आरतीखेरीज काही गाताना ऐकलं नव्हतं.

आबांची पापणी हलली नाही. ती गात होती आणि ते ऐकत होते, आणि त्यांची ओळ आली तेव्हा त्यांनी ती अचूक उचलली.

"तुला हे कुठून येतं?" मी विचारलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि खुर्ची ओढून बसली. "लग्नानंतर आठ दिवसांत यांनी मला हा सिनेमा दाखवला, इथेच जळगावला. म्हणाले, बघ म्हणजे तुला कळेल मी असं का केलं ते."

"काय केलं होतं?"

आणि तिने जे सांगितलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आबा तिला बघायला असोद्याला आले, तेव्हा ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी आले. घराच्या मागच्या खळ्यावर कापूस पडला होता आणि आई डोक्याला फडकं बांधून, जुनेरं नेसून तो गोळा करत होती. तिला मजूरबाई समजून आबांनी तिला हळूच विचारलं, "या घरची मुलगी कशी आहे? खरं सांगा."

आई म्हणाली, "मी ओळखलं की हे पाहुण्यांपैकी कुणीतरी. म्हटलं, रागीट आहे. भाकरी करपवते. तोंडाला तोंड देते."

"मग?"

"मग मी विचारलं, आणि तुम्ही कोण? तर म्हणाले, मी गाडीचा ड्रायव्हर, पाहुण्यांना घेऊन आलोय. मी विचारलं, नवरामुलगा कसा आहे? म्हणाले, माणूस बरा आहे, फक्त जागेपणी आणि झोपेत गाणी म्हणतो, आणि त्याला रागीट बायको चालेल." आई हसली. "तासाभराने मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि मान वर केली. समोर हेच बसलेले. कप खळखळा वाजायला लागले. माझ्या वडिलांना वाटलं पोरगी घाबरली. मी घाबरले नव्हते, संतापले होते. आणि हे बसलेत आपले पांढराशुभ्र शर्ट घालून..."

"निया," आबा म्हणाले.

आम्ही दोघींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. निळ्याला निया म्हणतात.

आई सावकाश म्हणाली, "पांढरा होता."

"निया!" आबांनी टेबलावर थाप मारली. चाल नव्हती, ताल नव्हता, मी हात धरला नव्हता. "निया! निया... शर्ट!"

त्या दिवसापासून आईने माझी बाजू घेतली, आणि ती माझ्यापेक्षा कडक निघाली. तिने स्वतःची एक रीत काढली. मॅडमना आम्ही ती सांगितली तेव्हा त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "चालू ठेवा." आई मुद्दाम चुकीचं बोलायची. दुपारी भाजी निवडताना ती आबांना माळ्याचा सिनेमा सांगायची. "मग ती राजकन्या आचाऱ्याच्या प्रेमात पडते..." आबा अस्वस्थ व्हायचे, ओठ जुळवायचे. आई त्यांच्याकडे न बघता पुढे जायची. "तर तो आचारी तिला म्हणतो..."

"मायी!" आबा ओरडायचे. "आचारी नही! मायी!"

"हां हां, माळी. आणि हुजऱ्या पळून जातो मुंबईला..."

"नही! तठेच... तठेच ऱ्हास!"

सकाळी माझा गाण्याचा अर्धा तास, दुपारी आईचं चुकीचं बोलणं, संध्याकाळी पुन्हा माझा अर्धा तास. सिनेमा संपला की आई नातेवाइकांची लग्नं चुकीची लावायची, धुळ्याच्या रस्त्यावरची गावं उलटी सांगायची. गावांच्या बाबतीत आबांना चूक अजिबात खपत नसे. वाक्यं दोन शब्दांची होती, मग तीन शब्दांची झाली. मधूनच अडायची. अडली की ते डाव्या बोटांनी मांडीवर ताल धरायचे, चाल तोंडातल्या तोंडात घोळवायचे आणि तिच्यावर चढून शब्दापर्यंत पोचायचे. काही दिवस पूर्ण वाया जायचे. कालचा शब्द आज नाहीसा व्हायचा. अशा दिवशी मी कॅलेंडरवर फुली न मारता नुसता ठिपका द्यायचे. ठिपके पुष्कळ आहेत, ते कॅलेंडर अजून माझ्याजवळ आहे.

दिवाळीनंतर चाळीसगावचे ते नातेवाईक पुन्हा आले. सोफ्यावर बसले आणि सवयीने मलाच विचारायला लागले, "जेवण वगैरे कळतं का आता यांना?"

आबांनी मांडीवर बोटं वाजवली. एकदा, दोनदा. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण मदत करायची नाही हे आमचं ठरलेलं होतं.

"माले," आबा म्हणाले. थांबले. "माले बठ्ठं समजस."

पाहुण्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग ते उठून आबांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच सरळ त्यांना विचारलं, "कसं काय मग?"

"चांगला शे," आबा म्हणाले.

त्याच महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागलं. खातं धुळ्याला होतं. आम्ही तिघं सकाळच्या बसने गेलो. काउंटरवरची मुलगी विशी-बाविशीची, वागायला चांगली होती. आबांनी फॉर्मवर डाव्या हाताने सही केली. तिने ती संगणकावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "सही जुळत नाही हो. आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

मागे रांग होती. मी आपोआप बोलायला तोंड उघडलं, "अहो, त्यांना झटका..."

आबांनी डावा हात माझ्यापुढे आडवा धरला.

स्वतःचं नाव आम्ही कधी घोकलं नव्हतं. घरात त्याची गरजच पडली नव्हती. आबांनी तो हात काउंटरच्या काचेवर ठेवला आणि बोटांनी ताल धरला. मग ते गुणगुणायला लागले. रांगेतले लोक मान उंचावून बघायला लागले. कुणीतरी हसलं. आई मागे वळली आणि तिने त्या दिशेला अशी नजर टाकली की हसू थांबलं. ती मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहत होती. मी नुसता हात वर करून तिला थांबायला सांगितलं. ती थांबली. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

आबांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग थांबून, घाम पुसून, त्यांच्या वडिलांचं. मग आडनाव. तिघांनाही एकेक श्वास लागला. आणि तिने विचारलंही नव्हतं, तरी गावाचं नावही सांगितलं, ते मात्र खणखणीत, स्टँडवर पुकारायचे तसं. रांगेतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे, हे तर आपल्या गाडीवरचे कंडक्टर!"

बाहेर आल्यावर आबा पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली दिली. आई म्हणाली, "आज सोमवार, जास्त वेळ बसून चालणार नाही." तो बुधवार होता. आबा पाणी पिता पिता मान हलवत राहिले, पण त्या वेळी तिला दुरुस्त करायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, आणि तिनेही ताणलं नाही.

ते दोघं आता धुळ्याला परत राहायला गेलेत. आबा पूर्वीसारखे बोलतात असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्र मोठ्याने वाचता येत नाही. वार आणि महिने अजून निसटतात. फोनवर दोन-तीन वाक्यांनंतर दमतात आणि आईकडे देतात. पण फोन स्वतः उचलतात, दूधवाल्याशी स्वतः हुज्जत घालतात, आणि पहिल्यापेक्षा कमी गातात, याचं मला थोडं वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मला गाठलं. तिचे सासरे पहूरला असतात, त्यांनाही झटका आला आणि शब्द गेले. घरच्यांनी हात टेकले होते. मी तिला पद्धत समजावून सांगितली, मॅडमचा पत्ता दिला. तेवढ्याने मन भरलं नाही म्हणून आबांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी येस."

रविवारी ते आणि आई धुळ्याहून बसने जळगावला आले आणि आम्ही पहूरला गेलो. ते गृहस्थ ओसरीवर खाटेवर बसले होते, नजर जमिनीकडे. घरचे आम्हाला त्यांच्याबद्दल भराभरा सांगायला लागले. आबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची ओढून ते खाटेसमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि त्या माणसाचा डावा हात त्यांनी आपल्या डाव्या हातात घेतला.

"भाऊ," आबा म्हणाले. थोडे थांबले, बोटं हलली. "तुमले... कोन्तं गानं येस?"

त्या गृहस्थांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "त्यांना कुठलं गाणं यायला? भजनी मंडळात टाळ धरायचे तेवढंच."

आबांनी मान डोलावली. "चालस," ते म्हणाले, आणि त्या हाताने खाटेच्या लाकडावर सावकाश ताल धरायला लागले.